थंडीत गाडी नेमकी कुठे बदलते? इंजिन, ॲव्हरेज आणि चार तळहात

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

डिसेंबर जवळ आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘नाताळच्या सुट्टीत आपलीच गाडी घेऊन मनालीला जायचं म्हणतोय, काय तयारी करू?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा इंजिन असतं. गाडी सकाळी चालू होईल का, चढ चढेल का, ॲव्हरेज किती पडेल. हे प्रश्न बरोबरच आहेत, आणि त्यांची उत्तरं आज आपण बघूच. पण त्याआधी एक प्रसंग सांगायचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं पुण्याहून असेच गेलो होतो. गाडी फोर बाय फोर, टायर जेमतेम वर्षभर वापरलेले, आणि स्टिअरिंगवर बसलेल्याला आपल्याकडच्या घाटांचा वीसेक वर्षांचा सराव. अटल बोगदा पाहून सोलंगच्या दिशेनं परत उतरत होतो. दुपारचे साडेचार वाजून गेलेले. एका वळणावर पुढची गाडी थांबली म्हणून आम्ही ब्रेक दाबला. आमचा वेग ताशी २०सुद्धा नसेल. पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, आणि गाडी थांबली नाही. आवाज नाही, धक्का नाही, नुसती शांतपणे पुढे जात राहिली. नशीब असं की स्टिअरिंग थोडं लागू पडलं आणि गाडी डोंगराच्या बाजूला रचलेल्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

चूक काय झाली, हे आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. नंतर वाचून, गणितं मांडून कळलं. आजचं व्याख्यान त्या उत्तराचं आहे. थंडी गाडीवर दोन ठिकाणी परिणाम करते. एक इंजिनावर, दुसरा रस्त्यावरच्या पकडीवर. पहिला परिणाम गाडी आपल्याला स्वतःहून सांगते. दुसरा सांगत नाही.

पहिली बाजू: इंजिन आणि ॲव्हरेज

इंजिन हे उष्णतेवर चालणारं यंत्र आहे. ते गरम असतं तेव्हाच नीट चालतं. सकाळी बाहेर उणे पाच अंश असताना तुम्ही स्टार्टर मारता तेव्हा आत काय होतं ते बघा.

पहिलं म्हणजे ऑइल घट्ट झालेलं असतं. थंडीत खोबरेल तेल गोठतं हे आपण घरी बघतोच. इंजिन ऑइल इतकं लवकर गोठत नाही, पण जाड होतं, आणि सगळे भाग फिरवायला जास्त जोर लागतो. ऑइलच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हा ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. आपल्या गाडीला कंपनीनं जे ग्रेड सांगितलेत त्यातलाच थंडीला योग्य तो निवडायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरं, पेट्रोल थंडीत नीट वाफ होत नाही. म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. पूर्वीच्या गाड्यांना चोक ओढायचो, तेच काम आता आपोआप होतं.

तिसरं, बॅटरी. आपली नेहमीची शिसं-आम्लाची बॅटरी शून्य अंशाला सुमारे एक तृतीयांश ताकद गमावते. म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो त्याच वेळी बॅटरी कमी जोर देते. पुण्यात कशीबशी चालणारी चार वर्षांची बॅटरी मनालीत पहाटे हमखास मान टाकते. निघण्याआधी ती तपासून घ्या.

या सगळ्याचा ॲव्हरेजवर किती परिणाम होतो? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे असे आहेत. २५ अंशांच्या मानाने उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घटतं. पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या असतील तर घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. कारण उघड आहे. इंजिन गरम होईपर्यंत आपण पोहोचलेलोच असतो. यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. सकाळी दहा-पंधरा मिनिटं गाडी नुसती उभी चालू ठेवू नका. त्या वेळात ॲव्हरेज शून्य असतं. अर्धं-एक मिनिट थांबा, आणि मग हळूहळू चालवा. इंजिन चालत्या गाडीत लवकर तापतं. काचांवरचं बर्फ मात्र आधी पूर्ण काढा, त्यात घाई नको.

इलेक्ट्रिक गाडीचं काय? तिथे फरक मोठा आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१९ साली पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर चालू असताना, एका चार्जमधलं अंतर सरासरी ४१ टक्क्यांनी कमी झालं. हीटर बंद असताना १२ टक्के. म्हणजे मोठा वाटा खातो तो हीटर. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत हीटर फुकटात मिळतो, कारण इंजिनाची वाया जाणारी उष्णता आपण आत घेतो. इलेक्ट्रिक मोटर इतकी कार्यक्षम असते की वाया घालवायला तिच्याकडे उष्णताच फारशी नसते. ती बॅटरीतूनच काढावी लागते. गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच केबिन गरम करून घेतली तर यातलं बरंच वाचतं.

आता उंची. अटल बोगद्याचं मनालीकडचं तोंड सुमारे ३,०६० मीटरवर आहे. बोगदा ९.०२ किलोमीटरचा. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाला, आणि पूर्वी रोहतांगच्या बर्फामुळे हिवाळ्यात तुटणारं लाहौल जोडलं गेलं. आपल्यासारखे पर्यटक भर डिसेंबरात तिथवर जाऊ लागले ते या बोगद्यामुळेच. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. थंड हवा दाट असते म्हणून थोडं परत मिळतं, तरी टर्बो नसलेलं इंजिन ताकदीचा पाचवा हिस्सा तरी गमावतं. चढावर गाडी ‘ओढत नाही’ असं वाटलं तर बिघाड समजू नका. खालचा गिअर घ्या.

निघण्याआधीच्या तीन गोष्टी

पहिली, कूलंट. आपल्याकडे रेडिएटरची पातळी कमी दिसली की पंपावर साधं पाणी ओततात. पुण्या-नागपुरात चालून जातं. पण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि फुगणाऱ्या बर्फापुढे इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. ग्लायकॉलचं कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं असेल तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. कूलंट बदलून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका, त्यात न गोठणारं द्रावण भरा.

दुसरी, डिझेल. डिझेलमध्ये मेणासारखा घटक असतो. कडक थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर तुंबतो. याच कारणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आपण इथून भरून नेलेलं डिझेल तिथल्या पहाटेसाठी बनवलेलं नसतं. म्हणून टाकी शक्य तितकी रिकामी करून वर स्थानिक पंपावर भरा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना उपाय आजच्या इंजिनांना मानवत नाही. आणि टाकीखाली आग पेटवणं तर कधीच नको.

तिसरी, टायरमधली हवा. हे गणित गमतीदार आहे. पुण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय भरली आणि मनालीत उणे ५ अंशांना मोजली, तर नुसत्या थंडीमुळे ५ पीएसआयहून जास्त घट यायला हवी. पण मनालीत बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे मीटरवर सुमारे सव्वादोन पीएसआय परत मिळतात. हिशेब केला तर ३३ ऐवजी ३० च्या आसपास दिसेल. तेव्हा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजा आणि कंपनीनं सांगितल्याइतकी भरा. परत खाली आल्यावर पुन्हा मोजा, कारण मग ती जास्त झालेली असेल.

हे सगळं केलंत तर गाडी चालू होईल, चढेल, पोहोचेल. आणि इथेच एक धोका आहे. गाडी छान चालली की आपल्याला वाटतं, गाडी ठीक आहे.

दुसरी बाजू: चार तळहात

बाराशे किलोची गाडी घ्या. प्रत्येक चाकावर तीनशे किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर साधा भागाकार करून बघा: प्रत्येक टायर रस्त्याला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर इतकाच टेकतो. म्हणजे आपला एक तळहात. चार टायर, चार तळहात. इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक कितीही महागाचे असोत, गाडीचं चालणं, वळणं, थांबणं सगळं या चार तळहातांतून होतं.

थंडी या तळहातांना दोन प्रकारे मारते. एक, रबर कडक होतं. आपल्याकडे मिळणारे नेहमीचे टायर उबदार रस्त्यासाठी बनवलेले असतात. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर ताठ होत जातं, आणि रस्त्याच्या बारीक खाचांत रुतत नाही. हिवाळी टायरचं रबर वेगळं असतं, थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावर बर्फाला धरणाऱ्या बारीक चिरा असतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. मॉन्ट्रियलला आपली जी मंडळी आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. त्या टायरवर डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असतं. ते चित्र नसेल, तर खाचा खोल असल्या तरी तो खरा हिवाळी टायर नाही. आमचे टायर वर्षाचे होते, उत्तम होते, पण पुण्यासाठी.

दोन, रस्ताच बदलतो. पकड मोजायला घर्षणाचा गुणांक वापरतात. ढोबळ आकडे घेऊ: कोरडा डांबरी रस्ता ०.७, दाबलेलं बर्फ ०.२, गुळगुळीत गोठलेला थर ०.१. आता सपाट रस्त्यावर ताशी ४० कि.मी. वेगानं ब्रेक दाबला, तर गाडी किती मीटरवर थांबेल? कोरड्यावर ९. दाबलेल्या बर्फावर ३१. गोठलेल्या थरावर ६३. यात आपल्या पायाला ब्रेकवर यायला लागणारा वेळ धरलेला नाही. एक सेकंद धरला तर आणखी ११ मीटर. आणि ताशी २० वेगानं, त्याच थरावर? १६ मीटर. म्हणजे बर्फावर २० नं चालणारी गाडी कोरड्या रस्त्यावरच्या ४० च्या गाडीपेक्षा उशिरा थांबते. पण आपल्याला २० हा वेग ‘सावकाश’ वाटतो, कारण ती सवय डांबराची आहे.

इथवर रस्ता सपाट होता. आता घाट घ्या. विसात एक असा उतार, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. घाटातला हा साधा उतार. यात गाडीचं वजनच तिला खाली ओढतं, आणि ही ओढ घर्षणातून वजा होते. ०.१ मधून ०.०५ गेले, निम्मी पकड उरली. ते १६ मीटर आता ३१ झाले. उतार दहात एक असेल तर ०.१ मधून ०.१ गेले. शिल्लक शून्य. ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबणारच नाही.

याहून वाईट अवस्था एक आहे. बर्फ उणे १५ अंशांना जितकं निसरडं असतं त्याहून शून्याच्या जवळ जास्त निसरडं असतं, कारण वर पाण्याचा पापुद्रा असतो. तेव्हा गुणांक ०.०५ पर्यंत खाली येऊ शकतो. मग विसात एकचा उतारसुद्धा ‘शिल्लक शून्य’वाला होतो. आमचं उत्तर इथे होतं. दुपारी ऊन लागून कडेचं बर्फ वितळतं, पाणी रस्त्यावर येतं. चारनंतर डोंगराची सावली पडते आणि तेच पाणी पातळ काचेसारखं गोठतं. खालचं काळं डांबर त्यातून दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. याला काळं बर्फ म्हणतात. आम्ही सकाळी त्याच वळणावरून काही त्रास न होता वर गेलो होतो. वळण तेच होतं, वेळ बदलली होती.

मग फोर बाय फोर, एबीएस यांचं काय?

फोर बाय फोर चारही चाकांना ओढायला लावतं. निघताना, चढताना मदत होते. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. थांबताना फोर बाय फोरचा काही फायदा नाही. उलट तोटा असा की जिथे साधी गाडी वर चढतच नाही आणि नाइलाजानं परत फिरते, तिथे ही आपल्याला वर नेऊन ठेवते. उतरायचं मात्र त्याच चार तळहातांवर.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग थोडं चालतं. आम्ही वाचलो ते त्यामुळे. पण एबीएस नसलेली पकड निर्माण करत नाही. भुसभुशीत बर्फात तर थांबायचं अंतर कधीकधी वाढतंच.

खरा फरक पाडतात त्या चाकाच्या चेन. त्या बर्फात रुततात. ज्या चाकांना इंजिनाची ओढ असते त्यांवर लावायच्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं. लावायचा सराव घरी, कोरड्या जागेत करून बघा, कारण तिथे बोटं बधिर झालेली असतात. चेन लावल्यावर वेग ताशी ३०-४० च्या आतच.

चालवताना

सकाळी ऊन आल्यावर निघा आणि सावल्या लांबायच्या आत, साधारण तीनच्या सुमाराला, खाली या. हा एक नियम पाळला तरी निम्मा धोका टळतो. पूल, ओढ्यावरचे रस्ते, बोगद्यांची तोंडं आणि सावलीतली वळणं इथे बर्फ आधी धरतं. टायरचा आवाज अचानक गप्प झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, तर समजा तुम्ही त्यावरच आहात.

उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, उतार सुरू व्हायच्या आधीच या. मध्येच झटक्यानं गिअर खाली टाकला तर ओढीची चाकं घसरतात. इलेक्ट्रिक गाडीत रीजनचा जोर कमी ठेवा, तिथेही तोच धोका. ब्रेक, क्लच, स्टिअरिंग, काहीही एकदम नको. पुढच्या गाडीच्या पुढे रिकामी जागा दिसेपर्यंत उतारावर पाऊल टाकू नका. आम्ही तिथेच फसलो होतो. पुढे गाड्या अडकलेल्या दिसत असताना त्यांच्या मागे उतरत गेलो. रात्री गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. हँडब्रेक गोठून अडकू शकतो.

अडकलात तर

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या रात्रभर हिमवादळात अडकल्या. किमान २२ माणसं गाड्यांतच गेली. काहींचा जीव थंडीनं घेतला, तर काहींचा गाडीच्याच धुरानं. बर्फानं सायलेन्सर बुजला, उबेसाठी इंजिन चालू ठेवलेलं, आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरला. या वायूला वास नसतो, रंग नसतो. झोप येते, आणि माणूस उठत नाही.

म्हणून अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचं बर्फ उकरून काढा, आणि बर्फ पडत असेल तर पुन्हा पुन्हा काढत राहा. इंजिन सलग चालवू नका. तासाला दहा मिनिटं पुरे, तेव्हा काच बोटभर उघडी ठेवा. सगळे एकदम झोपू नका. ब्लँकेट, पाणी, खाणं आणि एक छोटं फावडं गाडीत असू द्या. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

श्रोत्यांचा एक प्रश्न

‘एवढं सगळं असेल तर जायचंच नाही का?’ असा प्रश्न आला आहे. जावं, जरूर जावं. पण स्वतःची गाडी मनालीपर्यंत न्यावी. वर बर्फ पडलेलं असेल तर ती हॉटेलवर ठेवून चेन लावलेली स्थानिक टॅक्सी घ्यावी. तो ड्रायव्हर ते वळण रोज बघतो. आणि तो जर म्हणाला, ‘साब, आज नहीं’, तर त्याच्याशी घासाघीस करू नये. पोलिसांनी अडवलं तरी तेच.

गाडी सकाळी चालू झाली नाही तर आपली एक सकाळ जाते. चिडचिड होते, मेकॅनिक येतो, विषय संपतो. पण उतारावर ती थांबली नाही, तर त्या क्षणी आपल्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही. जे करायचं ते उताराच्या आधीच करायचं असतं, आणि बऱ्याचदा ते एवढंच असतं: गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं, बुटानं रस्ता चाचपून बघायचा. आपला पाय घसरला, तर आज गाडीही घसरणार. मग परत फिरायचं.